इंजिनाचं नाक

“परत तेच?” मिस्त्रीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बॉनेट वर केलं.

तेच होतं. इंजिनाच्या डोक्यावर, ब्रीदरच्या तोंडाभोवती काळं तेल पाझरून खालपर्यंत ओघळलं होतं. व्हॅन जुनी होती, कबूल. पण एकाच दुखण्यासाठी गिऱ्हाईक तिसऱ्यांदा दारात उभं राहिलं, तर अब्रू कुणाची जाते? पहिल्या खेपेला त्यानं पॅकिंग बदललं होतं. दुसऱ्या खेपेला ब्रीदर आणि त्याची रबरी नळी उतरवून डिझेलनं लख्ख धुतली होती. बोलघेवडा माणूस, त्यामुळे टॉर्च धरून उभ्या असलेल्या मास्तरांच्या लेकीला त्यानं समजावूनही सांगितलं होतं, “हे इंजिनाचं नाक, ताई. हे दाबलं की आत जीव गुदमरतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं.”

आज गाडीत मागं शिलाई मशीन, पत्र्याची पेटी आणि गुंडाळलेली गादी होती. लेक सकाळी निघाली होती. पहिल्याच चढाला धूर आणि जळक्या तेलाचा वास आला, तशी ती माघारी वळली. घरी आली तर मास्तर काही न विचारता शेजारच्या सीटवर येऊन बसले. “चल मिस्त्रीकडे,” एवढंच म्हणाले.

मास्तर म्हणजे शिंपी. बायको गेली तेव्हापासून घरात बापलेक, दोन मशिनी आणि कपड्यांचे ढीग. पोरीला स्थळं आली आणि परत गेली. मास्तरच मोडता घालतात, असं लोक म्हणायचे. आता डोंगरातल्या एका वसतिगृहात शिवणकाम शिकवायची नोकरी चालून आली होती, राहायला खोलीसकट. हजर व्हायची तारीख दोनदा पुढं ढकलून झाली. वसतिगृहाच्या बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, उद्या सकाळी आली नाहीस तर जागा दुसरीची.

“मास्तर, तुम्ही घरी बसायचं होतं. दर खेपेला राखणीला कशाला येता?”

“गाडी धड झालेली बघितल्याशिवाय मी हलणार नाही.” मास्तर दाराजवळ टायरवर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. “तुम्ही दुरुस्त करता, पण टिकतं कुठं?”

“नाही टिकलं तर तुमच्या पथ्यावरच की,” मिस्त्री पुटपुटला.

त्यानं इंजिन चालू करायला लावलं आणि तेल भरायचं झाकण सैल केलं. झाकण थडथडलं, खालून धूर फुसफुसत आला. मिस्त्रीचं तोंड वाकडं झालं. “पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर इंजिन खोलावं लागेल, ताई. महिना गेला समजा.”

“मग झालंच,” लेक हळूच म्हणाली. “घर सोडायचं म्हटलं की पायात काहीतरी येतंच माझ्या. राहू दे बाबा. नाहीतरी तुमच्या खाण्यापिण्याचं कोण बघणार होतं?”

“आत्या आलीय ना तुझी. सकाळपासून दोन भांडणं काढली तिनं. मला करमणूक आहे.”

मिस्त्रीला तिची कणव आली. त्या घरात पोरगी अडकली ती अडकलीच, त्याला वाटलं. इंजिनाला हात घालण्याआधी नळी एकदा बघू, म्हणून त्यानं हात पुढं केला. पक्कड आधीच तिच्या हातात होती. क्लिप काढून त्यानं नळीत फुंकर मारली. हवा जाईना. वाकडी तार आत घालून ओढली, तेव्हा तेलानं थबथबलेला कापडाचा बोळा बाहेर आला. निळं अस्तर. गावात असलं अस्तर एकाच दुकानात कापलं जायचं.

बोळा घेऊन तो तडक दारात गेला. “मास्तर, हे नळीत आपोआप जात नाही.”

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तरांनी बोळ्याकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ.

“मी घातला,” ते म्हणाले.

“बाबा...”

“तू बोलू नकोस. मी घातला. पोर गेली तर घर खायला उठेल, म्हणून घातला.”

मिस्त्रीचा भडका उडाला. “अहो, बाप आहात की कोण! पोरीचं आयुष्य असं कोंडून ठेवायचं? चढावर इंजिन बसलं असतं म्हणजे? लाज नाही वाटत?”

“त्यांना एक शब्द बोलू नका!” लेक एवढ्या जोरात ओरडली की मिस्त्री दोन पावलं मागं सरला. ती हमसून रडायला लागली.

मास्तरांनी तिला रडू दिलं. मग मिस्त्रीला विचारलं, “आता गाडीला काही झालेलं नाही ना?”

“काही नाही. सुखरूप पोचेल.”

“ऐकलंस? आता कुठलं कारण उरलं नाही. आणि असल्या माणसासाठी कुणी थांबतं का? नीघ.”

मिस्त्रीनं नळी बसवून क्लिप आवळली. लेकीनं वाकून बापाच्या हातावर कपाळ टेकलं, बराच वेळ तशीच राहिली, आणि गाडीत बसली. तेल न गळता व्हॅन कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. मास्तर तिकडंच बघत उभे होते. मिस्त्री त्यांच्याकडं पाठ करून हात धूत होता. ह्या माणसाशी आता बोलायचंच नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

मास्तर बोळा उलगडत जवळ आले. तळहातावर त्यांनी ती चिंधी सवयीनं सरळ केली.

“मिस्त्री, रागावला नसाल तर एक विचारू?” ते म्हणाले. “ही नळी गाडीत नेमकी असते कुठं हो?”