माझी पत्नी अनुसूया

“काकू, तुमचं लग्नाआधीचं नाव पण टाकू का?” निवेदितानं लॅपटॉपवरून मान वर केली.

“बकुळा,” अनुसूया म्हणाली. “बकुळा हरिभाऊ…”

“काही गरज नाही!” पलंगावरून शशिकांतराव एकदम म्हणाले. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली. “माझी पत्नी अनुसूया. एवढं पुरे. या घरात बकुळा कोण, कुणाला ठाऊक आहे?”

निवेदिता ओरछा गेटजवळ वकिली करायची. घरी मराठी, कोर्टात हिंदी, त्यामुळे तिच्या बोलण्याची खिचडी व्हायची. “अंकल, वसीयत में जितना साफ लिखो, उतना अच्छा. लग्नाचं सर्टिफिकेट तरी आहे ना?”

“तेव्हा कोण काढत होतं? तू लिही, बेटा.”

अनुसूयेनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. गाडी कशीबशी रुळावर आली होती, आता उगाच फाटे नकोत. या मृत्युपत्रासाठी ती कित्येक वर्षं नवऱ्याच्या मागे लागली होती. विषय काढला की हे भडकायचे. “मला पोचवायची एवढी घाई झालीय का?” मग मोठा झटका आला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा कुठे स्वारी तयार झाली.

अनुसूयेला धास्ती होती ती धाकट्या दिराची. रत्नाकर भुसावळला राहायचा. शशिकांतराव रेल्वेच्या बदलीनं झाशीला आले, त्याच्याही आधी भावाभावांचं बोलणं तुटलं होतं. का, म्हणून विचारलं तर “वाटणीचं होतं काहीतरी,” एवढंच उत्तर. रत्नाकर ना यांच्या लग्नाला आला, ना लेकीच्या, इराच्या बारशाला. असा माणूस भाऊ गेल्यावर उद्या लक्ष्मी तालाजवळच्या या घरावर दावा ठोकणार नाही कशावरून? आणि ठोकला तर आपण पोरीला घेऊन जायचं कुठे? इराचं शिक्षण अजून अर्धं राहिलं होतं.

निवेदितानं वाचून दाखवलं. “माझं घर आणि बँकेतल्या सर्व ठेवी माझ्या पश्चात माझी पत्नी अनुसूया शशिकांत हिला मिळाव्यात.”

शेजारचे मुकेशभैया आणि त्यांचा भाऊ साक्षीला बसले होते. शशिकांतरावांनी सही केली. मग त्यांचे डोळेच भरून आले.

“माफ कर गं,” ते म्हणाले. “फार उशीर केला मी.”

“अहो, झालं ना आता! कशाला मनाला लावून घेता?” अनुसूया म्हणाली आणि साक्षीदारांसाठी पाणी आणायला आत गेली. डोळे पुसायचे होते, ते आतच पुसले.

ओट्यावर पितळी तांब्या होता. ‘सौ. अनुसूया शशिकांत’ ही त्यावरची अक्षरं चिंचेनं घासून घासून आता पुसट झाली होती. लग्नात नाव बदलायची वेळ आली, तेव्हा तिच्या वडिलांनी हात जोडले होते. “पोरीचं नाव बकुळाच राहू द्या. तिच्या आईची तेवढीच आठवण आहे.” पण नवरदेवानं ऐकलं नाही. ताटातल्या तांदळात अंगठीनं अनुसूया लिहिलं ते लिहिलंच. ती केवढी हिरमुसली होती! पण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये पाऊल ठेवलं आणि पाहते तो काय, हा तांब्या. लग्नाआधीच तिचं नाव कोरून तयार! “मी केव्हाच ठरवलं होतं,” शशिकांतराव म्हणाले होते. तिचा रुसवा कुठल्या कुठे पळाला. इतका हौशी नवरा कुणाच्या नशिबी असतो?

महिन्याभरात शशिकांतराव गेले.

तेरावं झालं आणि रत्नाकरचा फोन आला. “आम्ही येतोय.” बस्स, पुढे एक शब्द नाही. अनुसूयेनं लगेच निवेदिताला फोन लावला.

“काकू, टेंशन मत लो,” निवेदिता हसली. “वसीयत रजिस्टर झालीय. घराची मालकीण अनुसूया. कुणाची हिंमत नाही.”

अनुसूयेचा जीव भांड्यात पडला. तरी मृत्युपत्राची फाईल तिनं देवघराशेजारी हाताशी ठेवली.

रत्नाकर आला तो काठी टेकत. बरोबर पिकल्या केसांची एक बाई होती. जाऊ दिसतेय, अनुसूयेनं मनाशी म्हटलं. मग तिचं मोकळं कपाळ पाहून तिला जरा चमत्कारिक वाटलं. नवरा शेजारी उभा आणि हिनं कुंकू लावलं नाही? असेल आजकालची रीत. तिनं तांब्या-भांडं आणून बाईसमोर ठेवलं.

“आम्ही भांडायला नाही आलो,” रत्नाकर म्हणाला.

“भांडायला काही शिल्लकच नाही, भावजी,” अनुसूयेनं फाईल पुढे केली. आवाज कापू नये म्हणून ती घाईघाईनं बोलत होती. “सगळं ह्यांनी रीतसर लिहून ठेवलंय. वाचा तुम्हीच. मोठ्यानं वाचा.”

रत्नाकरनं चष्मा लावला. “…माझ्या पश्चात माझी पत्नी अनुसूया शशिकांत हिला मिळाव्यात.” तो थांबला. पुन्हा तीच ओळ त्यानं मनाशी वाचली.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला.

“काय?” अनुसूयेनं विचारलं. पण तो तिच्याकडे पाहतच नव्हता.

बाईनं पाणी ओतून घेतलं नव्हतं. तांब्या मांडीवर घेऊन ती त्या पुसट अक्षरांवरून अंगठा फिरवत होती.

“हा माझ्या बाबांनी रुखवतात दिला होता,” ती म्हणाली. “माझं नाव त्यांनीच कोरून घेतलं यावर.”