पास्त्याची लांबत गेलेली पट्टी

पाहुण्यांसमोर मी फुशारकी मारली, ‘‘पास्ता मीच करतो, ही नुसती उभी असते.’’ बायको तडक बहिणीकडे गेली. चौथ्या दिवशी मी एकटाच कणीक लाटायचं हाताचं मशीन टेबलाला आवळून पास्ता करायला बसलो. एरवी हँडल मी फिरवायचो आणि खालून निघणारी कणकेची पट्टी ती हातांवर झेलायची. आता झेलायला कोण? फेरीगणिक पट्टी पातळ होत गेली आणि, खोटं वाटलं तर वाटू दे, लांबत लांबत खिडकीतून उतरली, सिग्नलला थांबली, हिरवा लागताच चौक ओलांडून मेहुणीच्या तिसऱ्या मजल्यावर चढली. अर्ध्या तासानं बायको पट्टीच्या घड्या हातावर घेऊन दारात उभी. ‘‘अहो, मधूनमधून पीठ भुरभुरायचं असतं. रस्ताभर चिकटलेली सोडवत आले.’’ ‘‘चुकलं माझं. एकट्याला नाही जमत.’’ ‘‘हे पाहुण्यांना सांगा.’’ मी फोन लावून सांगितलं, तेव्हा कुठे तिनं चपला काढल्या.