पेटी रिकामी नाही

"पेटी रिकामी नाही," सिस्टर म्हणाल्या. सरकारी दवाखान्यातल्या ऊब देणाऱ्या प्रत्येक काचेच्या पेटीत आधीच एकेक बाळ होतं. वेळेआधी आलेली आमची लेक माझ्या कुशीत गार पडत चालली होती, आणि सिझेरियननंतर मलाच हुडहुडी भरली होती.

"तरी सांगत होतो, सरकारी ते सरकारीच!" नवरा कडाडला. "खाजगीत पेटी आहे. गाडी बोलावलीय मी."

"आणि गाडी येईपर्यंत? बसा इथं. शर्ट काढा."

"इथं? बायकांच्या वॉर्डात?"

"पोरीला ऊब हवीय. आई थरथरतेय. तुम्ही तर तापलेलेच आहात!"

सिस्टरांनी लेकीला त्याच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि माझ्या जुन्या साडीने दोघांना घट्ट बांधलं. मी हात लांबवून तिचं पाऊल धरून राहिले. गारच होतं. मग कोमट. मग, देवा, चक्क गरम!

तेवढ्यात ड्रायव्हर दारात आला. "चला साहेब, तिकडे पेटी तयार आहे."

नवरा जागचा हलला नाही.

"हळू बोला हो," तो कुजबुजला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."