हिरवी रेघ

दूर आकाशात एक तारा फुटला होता आणि त्याचा उजेड रोज विझत चालला होता. ती घराच्या गच्चीवरून दुर्बिणीने त्याचा वर्णपट टिपायची. सगळ्या रेघा दररोज बदलायच्या, एक हिरवी मात्र काही केल्या हलेना. नवा शोध म्हणून तिने जगाला कळवलं. मग समजलं की ती रेघ जिन्यातल्या ट्यूबलाइटची! “बाबा, माझं हसं झालं! पुन्हा ट्यूब लावाल तर बघा!” “अगं, वरून दुसरी पायरी तुटलीय...” “पायरी गेली खड्ड्यात!” आज ट्यूब बंद होती, वर्णपट आरशासारखा स्वच्छ आला. खुशीत ती अंधारातच जिना उतरू लागली, तोच गुडघा कुणाच्यातरी पाठीवर आदळला. “मीच. तुटक्या पायरीवर बसलोय. तुझा पाय पडायला नको.” “केव्हापासून बसलाय?” “तुझा तारा उगवल्यापासून.” “धन्य आहे तुमची! उठा आधी!” “आधी तू उतर.”