चौसष्टच्या आत

घोडीचे ठोके चौसष्टच्या आत येत नव्हते. यंत्रावर एकोणऐंशीचा आकडा होता आणि जनावरांची डॉक्टर कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत होती, कारण घोडी दमलेली वाटत नव्हती. श्वास संथ होता, चालीत खोट नव्हती, डोळा स्वच्छ होता.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत नुसतं पळून भागत नाही. दर टप्प्यानंतर घोड्याची तपासणी होते आणि ठरलेल्या वेळात ठोके उतरले नाहीत, तर घोडा बाद. आता शेवटचा टप्पा उरला होता. तो पुरा झाला की घोडीवर बसणाऱ्या मुलीची संघात निवड पक्की होती. मग ती आणि घोडी, दोघी वर्षभर संघाच्या तबेल्यात जाऊन राहणार होत्या. तो तबेला घरापासून फार लांब होता, आणि मुलीला त्याची तीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली होती.

मालक, म्हणजे मुलीचे वडील, घोडीच्या तोंडाशी उभे होते. पायात गुडघ्यापर्यंतचे चकचकीत बूट, जे आजवर एकदाही रिकिबीत गेले नव्हते. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, मालक सकाळपासून जीपमधून घोडी हाकत होते, म्हणजे खिडकीतून हात काढून मुलीवर ओरडत होते. थांबल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला घोडीच्या सात पिढ्या म्हणून दाखवत होते. अस्सल अरबी रक्त म्हणजे काय, हे सांगताना ते अशी छाती काढत की ऐकणाऱ्याला वाटावं, घोडीला ह्यांनीच जन्म दिला असणार.

त्यांची बायको घोडीच्या मानेवर पाणी ओतत होती. ते चुकीच्या बाजूला पडतंय, असं मालकांना वाटलं.

"अगं, जरा डोकं वापर. असलं तर."

आकडा चौऱ्याऐंशीवर गेला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत गाडीमागे गेले. मुलगी फडक्याच्या बोळ्याने मानेवरचं पाणी निपटत राहिली. चौऱ्याहत्तर झाले, सत्तर झाले, अडुसष्ट झाले. डॉक्टरच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग फोन संपवून मालक आले, "काय राणी!" म्हणून त्यांनी घोडीच्या मानेवर अशी थाप मारली की पाणी उडालं, आणि आकडा ब्याऐंशी झाला.

डॉक्टरने आकड्याकडे बघितलं, मग मालकांकडे बघितलं. ती परकी होती, त्यामुळे तिला बोलता येत होतं. तिने त्यांना दोरीपलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं. मालक हसले. त्यांनी तिला समजावलं की घोडीचा फार जीव आहे त्यांच्यावर, त्यांना बघितलं की तिला राहवत नाही. आणि ते आणखी एक पाऊल पुढे आले.

वेळ संपत आली होती. मुलीने हातातला बोळा इतका आवळला होता की त्यातलं सगळं पाणी तिच्या बुटांवर गळलं होतं. वडिलांसमोर तिने आजवर एक वाक्य धड पुरं केलं नव्हतं. हे केलं.

"बाबा, ती तुम्हाला घाबरते."

मालक आधी मोठ्याने हसले, कारण आजूबाजूला माणसं होती.

"घाबरते? मला? आपल्या घरात कुणी घाबरतं का मला? विचार तुझ्या आईला."

"छे, घाबरायचं काय," आई म्हणाली. त्यांचं बोलणं संपायच्या आतच म्हणाली.

डॉक्टरने घड्याळ वर धरलं आणि सांगितलं की आता वाद घातला तर घोडी बाद होईल, आणि ती मालकामुळे बाद झाली हे मी सगळ्यांना सांगेन. हे मात्र लागू पडलं. घोडीची किंवा मुलीची फिकीर असायला मालक काही एवढे खालच्या दर्जाचे नव्हते, पण चारचौघांत शोभा नको होती. ते बूट वाजवत दोरीपलीकडे गेले आणि घोडीकडे पाठ करून उभे राहिले.

आकडा भराभर उतरला. एकसष्टवर डॉक्टरने मान हलवली. मुलीने घोडीच्या ओल्या मानेत तोंड खुपसलं आणि ती न लाजता रडली. तिला फार आनंद झाला होता. मग लगाम धरून ती घोडीला सावलीत घेऊन गेली.

मालक परत आले ते फुगूनच. हे यंत्र बिघडलेलं आहे, असं त्यांनी डॉक्टरला सुनावलं. पुढचा घोडा येऊन उभा होता आणि डॉक्टरला घाई होती. घोडीच्या छातीवरून काढलेली यंत्राची पट्टी तिने पुसून त्यांच्यापुढे धरली.

"माणसाने मुठीत धरली तरी आकडा दाखवते. बघा धरून."

मालकांनी धरली. बहात्तर. त्यांचे कशाला वाढतील? त्यांनी तो आकडा डॉक्टरला दाखवला, पुढच्या घोड्याच्या मालकाला दाखवला, आणि त्यांची कळी खुलली.

"ये गं इकडे," ते बायकोला म्हणाले. "धर ही. दाखव ह्यांना, आपल्या घरात कोण घाबरतं ते."

बायकोने बादली खाली ठेवली. ओले हात पुसले, सावकाश, दोन्ही बाजूंनी. मग ते पाठीमागे नेले.

"माझं राहू द्या," ती म्हणाली.