सात नंबरचा चहा

आदिनाथने लॅपटॉप सोनाजीकाकांकडे वळवला. "एकसष्ट तास! एका महिन्यात! हा कडूबा करतो काय?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात कोणतं मशीन किती वेळ बंद पडलं आणि कुणाच्या हातून, हे वहीत लिहायचं काम बावीस वर्षं त्यांच्याकडे होतं.

"जुना माणूस हाय," ते म्हणाले. "पडतं बंद."

"सगळ्यात जास्त त्याच्याच हातून?"

"आता लिहिलंय म्हंजे तसंच."

तीन आठवडे आदिनाथ सात नंबरच्या मशीनपाशी स्टूल टाकून बसला होता. सात नंबर कायमचं बंद, म्हणून तेवढीच जागा मोकळी. मशीनचे सेन्सर, गेटवरची अंगठ्याची हजेरी, पुण्याच्या ऑफिसातली पगाराची यादी आणि काकांची वही. चार ठिकाणची माहिती क्लाउडवर एकत्र आणायची, माणसाचा हात न लागता तिचा ताळमेळ घालायचा आणि मोठ्या साहेबांच्या स्क्रीनवर टाकायची, हे त्याचं काम. शुक्रवारी दुपारी चारला ते पहिल्यांदा आपोआप चालणार होतं. ज्याच्या नावावर वीस तासांच्या वर बंद मशीन, त्याच्या मोबाइलवर कामावरून काढल्याचं पत्र. खाली सही नाही. सही नसली की लाजायलाही कुणी लागत नाही.

कडूबा पगाराच्या यादीत नव्हता, अंगठ्यातही नव्हता. ठेकेदाराची माणसं मागच्या गेटनं येत आणि त्यांची यादी अजून जोडायची होती. म्हणजे ठेकेदाराचा. म्हणजे कुणी वाली नसलेला.

चहा आला. रत्नमाला आपलं मशीन सोडून ट्रे घेऊन फिरली. माणसं नऊ, ग्लास दहा. दहावा तिनं सात नंबरच्या पायाशी ठेवला आणि आदिनाथने तो उचलला. पहिल्या दिवशी त्यानं उचलला तेव्हा ती काही बोलायला गेली होती, पण काकांनी नको म्हणून मान हलवली. तेव्हापासून तो ग्लास त्याचाच.

"मला भेटवा त्या कडूबाला," आदिनाथ म्हणाला.

"त्याला भेटायची एवढी घाई नका करू, साहेब," रत्नमाला म्हणाली, आणि पलीकडच्या मशीनवरचा फकिरा फस्सकन हसला.

"हसायला काय झालं? शुक्रवारी त्याला घरी बसावं लागंल. ठाऊक आहे?"

फकिराचं हसू विरलं. मग काकांनी विचारलं, "फक्त त्यालाच?"

"वहीप्रमाणं, त्यालाच."

"मग बसू द्या," काका म्हणाले, आणि सगळ्यांचे खांदे सैल पडलेले आदिनाथने डोळ्यांनी पाहिले.

"त्याला चालंल?"

"आजवर काय बोलला नाय बुवा."

आदिनाथचं डोकं फिरलं. त्याचा बाप याच जालना रोडवर ठेकेदाराच्या हाताखाली राबला होता. तांब्याची तार चोरली दुसऱ्यानं, गेटबाहेर गेला बाप. तेव्हाही सगळी शिफ्ट अशीच गप्प होती. गरिबाला गाडायला साहेब लागत नाहीत, शेजारचा गरीब पुरतो.

गुरुवारभर त्याला जेवण गेलं नाही. सेन्सर खोटं बोलत नव्हते. कोणत्या वेळी कोणतं मशीन थांबलं आणि त्या शिफ्टला त्यावर कोण होतं, हे त्याच्यापाशी होतं. त्यानं हिशेबातून वही काढून टाकली आणि तास सेन्सरप्रमाणं वाटले. कडूबा शून्य. रत्नमाला चोवीस. फकिरा बावीस.

हात थांबला. रत्नमालाच्या पगारावर मुकुंदवाडीत पाच माणसं जेवत होती. तिचं मशीन जुनं, मेकॅनिक दोन-दोन तास फिरकत नाही, हेही त्यानं पाहिलं होतं. सेन्सरला मात्र थांबलं एवढंच कळतं, का थांबलं ते नाही.

मग त्याला ते फस्सकन हसणं आठवलं. त्यानं बटण दाबलं.

शुक्रवारी चारला चहा आणि पत्रं एकदमच आली. आधी फकिराचा मोबाइल वाजला, मग रत्नमालाचा. तिनं ट्रे एका हातावर तोलून पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. फकिरा खाली बसला.

"वहीत तर कडूबा होता," काकांचा आवाज चिरकला. "साहेब, हे काय केलं?"

"खरं होतं ते केलं. लाज नाही वाटली, काका? स्वतःच्या चुका एका गरिबाच्या गळ्यात घालताना?"

"पहिली चूक कंपनीनं घातली त्याच्या गळ्यात," काका म्हणाले. "कामगाराचा निष्काळजीपणा, म्हणून छापील कागद केला. मग आम्ही म्हणलं, घाला अजून. त्याला आता काय फरक पडतोय."

"त्याला विचारलं का कुणी?"

रत्नमालानं मोबाइल कमरेला खोचला. एकेकाला चहा दिला. शेवटचा ग्लास सात नंबरच्या पायाशी ठेवला. आदिनाथचा हात सवयीनं खाली गेला.

"आजच्याला तेवढा ऱ्हाऊ द्या, साहेब," ती म्हणाली. "कडूबाचा हाय तो. नऊ वर्षांमागं ह्याच मशिनीत गेला, तवापास्नं ठेवतो आम्ही."