सुतकातला डोस

संध्याकाळी मनस्वीच्या आशा सेविका आईने वाडीभर हाकारा घातला, "रविवारी पोलिओचा डोस. पोरं घेऊन आमच्या पडवीत या!" मग जेवून निजली, ती उठलीच नाही.

रविवार सुतकात आला. सुतकाच्या घरी कुणी पाणीही पीत नाही. "बूथ शाळेत हलवा," मनस्वी खेडहून आलेल्या सिस्टरना म्हणाली.

तेवढ्यात शेजारची चिमाकाकी नातवाला काखोटीला मारून पडवीत शिरली. "अगो, डोस दिल्लीच्या सरकारचा. सरकारला कसलं सुतक? आ कर रे!" मागोमाग अख्खी वाडी आली. पडवीत नुसता कल्ला.

आई सदा वाडीतल्या पोरांच्या मागे; त्यांनी आपली आई पळवली म्हणून मनस्वी लहानपणापासून धुसफुसत आली होती.

"बाई गं! एवढी पोरं कुणाची?" सिस्टर हसल्या.

"माझ्या आईची," मनस्वी म्हणाली.